हाताला कळलेला तडा

काशीराम काका,

दसऱ्याच्या पूजेनंतर आजोबांच्या रायफलीत मी नवी, जोरकस काडतुसं भरायला घेतली, तेव्हा तुम्ही रायफल माझ्या हातातून काढून घेऊन काडतूस आत सरकवायचा लिव्हर एकदा ओढून पाहिला. म्हणालात, "अडतोय. हिला एवढा दाब झेपायचा नाय." सगळ्या गव्हाण गावासमोर मी तुम्हाला भित्रा म्हणालो. तुम्ही जासईला राहायला गेलात ते गेलातच.

त्यानंतर रायफल तशीच पडून होती. आज बंदूक दुरुस्त करणाऱ्याने भिंगातून पोलादातला केसाएवढा तडा दाखवला. म्हणाला, "नवं काडतूस उडवलं असतं, तर बंदुकीचा मागचा भाग तुमच्याच तोंडावर फुटला असता."

त्याला भिंग लागलं. तुम्हाला नुसत्या हाताने कसं कळलं, काका?

पाकिटावर पत्ता लिहिलाय, पण पत्र टाकायची हिंमत होत नाही.

तुमच्यामुळे ज्याचे डोळे शाबूत आहेत, तो
परेश