जैनथची गादी

॥ श्री ॥
जैनथ, २८ सप्टेंबर १९९९

चि. हणमंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला मजकूर पोचला. मला कापसाच्या गाद्या विकायच्या आहेत, जैनथचा इतिहास नाही. तुमच्या त्या इंटरनेटवर एक पान हवं, तेही चटकन आणि फुकटात, एवढंच मी म्हटलं होतं. कापूस, पैनगंगा, आपले आजोबा, सगळं खोडलं आहे. उरलं तेवढंच टाक: जैनथची गादी. आरामशीर. एकट्याची, दोघांची, सगळ्या कुटुंबाची. आजच नाव नोंदवा. खाली बाबारावांच्या एसटीडी बूथचा नंबर दे.

लक्ष्मणरावांनी गाद्या भरायला त्यांची खोली कार्तिक पौर्णिमेपर्यंतच दिली आहे. तोवर मागणी आली नाही तर ते तिथे त्यांचा कापूस भरतील. बयनाबाई आणि सोजरबाई माझ्या शब्दावर शेतातली मजुरी सोडून गाद्या भरायला बसल्या आहेत. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे मी डोक्यावर घेतलं, आता त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ आणू नकोस.

लोभ आहेच, तो जरा कामातही दिसू दे.
तुझी ताई, पद्मिनी


हैदराबाद, ९ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पान झालं. एका संध्याकाळी, एक पैसा न देता. आजोबांना खोडलंस याचं वाईट वाटलं, असो. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मुंग्या पसरल्यासारखी दिसतात, म्हणून तुझा मजकूर इंग्रजी अक्षरांत टाइप केला. मराठी माणसाला वाचायला काही अडचण नाही. वर दोन चमकते दिवे लावले आहेत, ते तरी खोडू नकोस.

इंटरनेट बघतं कोण, असं तू म्हणशीलच. म्हणून पान छापून इथल्या मराठी मंडळाच्या फळ्यावरही लावलं. उद्धवराव म्हणून एक पेन्शनर आहेत, ते वाचून फार खूश झाले. अशा सोयीची आम्ही केव्हाची वाट पाहत होतो, असं म्हणाले. तुला माझं काम नेहमी अर्धवट वाटतं, या वेळी शाबासकी पाठव.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
तुझा हणमंत


जैनथ, १७ नोव्हेंबर १९९९

चि. हणमंतास आशीर्वाद, पण आज हात आखडून.

दिवाळी सरताच उद्धवरावांचा फोन आला. लाइनची खरखर अर्धे शब्द गिळत होती. आपल्या जैनथच्या कार्तिकातल्या जत्रेसाठी सात जणांचं हवं, आरामशीर आहे ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सातही जणांचं तयार ठेवते, या. बायकांनी बोटांना सुया टोचून घेत सात गाद्या पुऱ्या केल्या.

काल बाबाराव धावत आले. उद्धवराव आदिलाबादच्या बसस्टँडवरून फोनवर ओरडत होते की गाडी कुठे आहे. अखेर सातही जण सामानासकट बसमध्ये उभ्यानं आले आणि दारातच त्यांनी तुझा तो कागद माझ्या हातात ठेवला. जी, ए, डी, आय. अरे शहाण्या, तुझ्या इंग्रजीत गादी आणि गाडी एकच. जत्रेला नेणारी आरामशीर गाडी, एकट्याची, दोघांची, सगळ्या कुटुंबाची. बयनाबाई विचारू लागली की बाई, आमी तं गाद्या भरून राह्यलो, हे लोकं जीप काऊन मांगून राह्यले. मी काय सांगणार, कपाळ?

जत्रेमुळे धर्मशाळा भरल्या आहेत, म्हणून त्यांना गाद्यांच्या खोलीतच उतरवलं. पौर्णिमा तोंडावर आली आणि आपली एकुलती एक मागणी खोटी निघाली. मला फार लागलं आहे, हणमंत.

लोभाचं उद्या बघू.
ताई


हैदराबाद, २१ नोव्हेंबर १९९९

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून घास उतरला नाही. चूक माझीच. तू कापूस हा शब्द खोडला नसतास तर, पण जाऊ दे. येत्या सुट्टीला ते पान काढूनच टाकतो. उद्धवरावांना तोंड कसं दाखवू म्हणून मंडळाकडे फिरकलेलो नाही. तुझ्या बायकांना तू काय सांगितलं असशील, याचीच रुखरुख लागली आहे.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझा हणमंत


जैनथ, २४ नोव्हेंबर १९९९

चि. हणमंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पानाला हात लावू नकोस.

उद्धवराव त्या दिवशी रागाने फणफणत गादीवर पडले ते सकाळी उठेनात. बायकोने दर्शनाला चला म्हणून हाका मारल्या, तर म्हणाले की देव कुठे जातोय. जाताना सातही गाद्या घेऊन गेले. बसच्या टपावर चढवताना सोजरबाईने कंडक्टरला दटावलं की नीट बांध बाप्पा, हैद्राबादले जाऊन राह्यल्या. लक्ष्मणराव तिथेच उभे होते. त्यांनी कापूस पडवीत भरला आणि खोली राहू द्या म्हणाले. मला तिथेच रडू कोसळलं, आणि तेव्हाही राग तुझाच आला, कारण तू जवळ नव्हतास.

काल तुमच्या मंडळातून आणखी गाद्यांसाठी फोन आला. पोचवायची काय सोय, असं विचारत होते. म्हणजे आता मला खरोखरच गाडी हवी. तसं पानावर लिहू का, हे तू विचारण्याआधीच सांगते, काही लिहू नकोस.

लोभ होता तसाच आहे, त्यात एका अक्षराचीही दुरुस्ती नको.
तुझी ताई