टॉवेल असलेली रिकामी खुर्ची

पवनार, गुरुवार संध्याकाळ

डोकं अजून तापलेलं आहे. वर्ध्याच्या विमा कार्यालयात भरतीची चौकशी करायला गेले होते. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. एकीच्या पाठीवर निवृत्त बाबूंचा टॉवेल तसाच! माणसं निवृत्त होतात, जागा भरतच नाहीत. का?

साहेबांनी माझी पदवी पाहिलीसुद्धा नाही. "एजंट हो. पगार नाही, कमिशन. गावात नातेवाईक किती?"

म्हणजे आधी मामा, मग आत्या. मग कोण? यासाठी शिकले मी?

घरी सांगितलं, तर बाबा हसले. "मग रुसली काऊन, माय? पहिला विमा माह्याच काढजो!"

साहेबांनी नेमकं हेच गृहीत धरलं होतं. बाबांचा विमा मी काढणार नाही. साहेब, तो टॉवेल उचला, त्या खुर्चीवर मी बसते.