वरच्या पावसाचा निरोप

श्रावण, शुक्रवार, १९८३

वहीत लिहायला आज उशीर झाला, माफी असावी. नदीवरून आत्ताच आलो. मानवतला आठ दिवस थेंब नाही, तरी दुधना गढूळ. म्हणजे वर डोंगरात पडतोय. असा पाऊस झाला की वरच्या अंगाला, नदीकाठच्या बदनापूरला दिलेली लेक एस.टी.च्या कंडक्टरजवळ निरोप देते आणि मी काठावरचं पाणी उपसायचं इंजिन वर घेतो. यंदा निरोपच नाही. कंडक्टर म्हणतो, “आबा, निरोप काय मी खिशात घालून ठिवलाय?” हसला कशाला? का जावयानंच तिला अडवलं? दिवाळीलाही तो तिला माझ्याशी एकटीनं बोलू देत नव्हता. एवढं गढूळ पाणी बघून ती गप्प बसणारी नाही. इंजिन बैल लावून वर ओढलं. पावसाचं राहू दे, लेकी. तू बरी आहेस, एवढंच लवकर कळव.