पांढरीचं मागचं दार

अहो,

चहा थर्मासमध्ये आहे, आईंना गोळी दिली आहे. मी ड्युटीला निघाले. तोंडावर बोलले की तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून ठेवतेय.

पांढरी गाडी कमी चाललेली आहे, डिकी मोठी आहे, मेकॅनिकनंही तिलाच पसंती दिली. सगळं कबूल. करडी चार वर्षांनी जुनी आहे, पत्राही चेपलाय. तरी माझं मत करडीलाच.

काल पांढरी चालवून बघितल्यावर तिच्या मालकाशी बोलायला तुम्ही आणि आई गाडीतून खाली उतरलात. मी मागेच राहिले, कारण तिची मागची दारं आतून उघडतच नाहीत. पुढच्या सीटांमधून घुसू म्हटलं, तर गुडघा अडकला. मी काच ठोकत होते आणि तुम्ही हसून हात केलात! नंतर सांगितलं, तर म्हणे, "मी असतोच की बाहेरून उघडायला. आणि घेऊ दुरुस्त करून."

आपल्या स्वयंपाकघराची खिडकीही तुम्ही दुरुस्त करून घेणार होतात. लग्नाला अकरा वर्षं झाली, ती अजून उघडत नाही.

गाडी तुम्ही चालवाल, शेजारी आई बसतील. मागे कोण बसणार, तेवढं आठवून सही करा.