माळ घालून खेळलो

अण्णा, परवा लातूरला मी दिवसभर व्हिडिओ गेम खेळलो. गळ्यात माळ असताना खेळलो, आणि पुन्हा खेळणार आहे. पन्नाशीला टेकलेला माणूस बापाला हे ठणकावून सांगतोय, याचं तुम्हाला हसू आलं तर येऊ द्या.

तुम्ही मला पकडलंत तो दिवस अजून समोर आहे. मी अकरावीला, लातुरात खोली करून राहिलेला. तुम्ही देवणीहून करडई विकायला मोंढ्याच्या बाजारात आलेले. खोलीवर मी दिसत नाही म्हणून शोधत त्या गेमच्या दुकानात येता. मी यंत्राचा दांडा धरून पडद्यावरची विमानं पाडतोय. तुम्ही आवाज चढवत नाही. माझ्या मानेमागची गाठ सोडता, तुळशीची माळ आपल्या खिशात टाकता आणि एवढंच म्हणता, "असल्या जागी देवाला कशाला आणलास?" गळ्यात माळ नसली की अन्नाला शिवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलेलं. संध्याकाळी तुम्ही ती परत बांधलीत, तोवर मी उपाशी होतो आणि पोरं 'महाराज, महाराज' म्हणून चिडवत होती. त्यानंतर मी तिथं पाऊल टाकलं नाही.

आता लातुरात एकानं तसलीच जुनी यंत्रं दुरुस्त करून मांडलीत. तेव्हाचे माझे दोन दोस्त, नायगावचा मास्तर आणि लातूरच्याच घड्याळवाल्यांचा मुलगा, मला ओढूनच घेऊन गेले. "महाराज, माळ खिशात घाला, न्हाईतर अण्णा येतील," मास्तर म्हणाला. मी काढली नाही. मधेच घड्याळवाला नमाजाला गेला, तर त्याचा नंबर आम्ही धरून ठेवला. त्याला कुणी विचारलं नाही की देवाला इथं कशाला आणलास.

मग वाकून खेळताना माळ यंत्राच्या पत्र्यात अडकली आणि तुटली. मणी फरशीभर.

"आले बघ अण्णा!" मास्तर ओरडला, आणि मग त्याचाच चेहरा उतरला. "चल बाबा, निघू. हा इशारा हाय."

"इशारा कसला? दोरा कुजला होता."

तिघंही गुडघ्यांवर बसून मणी वेचू लागलो. मागवलेली भजी गार होत होती. तुम्ही खा, मी म्हणालो.

"हाव, तू उपाशी अन् आम्ही खावं? गप बैस यार," म्हणत घड्याळवाला दोरा आणायला गेला. मणी त्यानंच ओवले. गाठ मी मारली, नाव घेत. मग गार भजी खाल्ली आणि मी पुन्हा त्याच यंत्रापुढं उभा राहिलो.

अण्णा, देव मला तिथं सोडून गेला असं एकदाही वाटलं नाही. माझं विमान पडलं की तोंडातून 'विठ्ठला'च निघत होतं. त्या दिवशीही त्याला लाज वाटली नसेल. तुम्हाला वाटली होती. तुम्ही होतात तोवर हे बोलायला जमलं नाही. तुम्ही चुकला होतात.

हे सगळं खरं. फक्त घरी आलो तर आईनं दारातच विचारलं, "माळेला नवा दोरा कसा काय रे?" मी म्हणालो, मोंढ्यात पोतं उचलताना तुटला. ती अजून तुमच्याच बाजूची आहे. तिला वाचता येत नाही, तरी हा कागद मी घरात न ठेवता गाडीच्या डिकीत ठेवणार आहे.