अकरावी कलाचं टॅरिफ

५ जानेवारी, सोमवार

नव्या वर्षाचा संकल्प आजपासून. (आधी सर्दी होती.) संकल्प एकच: इतिहास वाचवायचा.

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, अकरावी कलाची पोरं बारावीला इतिहास सोडून सरिता मॅडमच्या भूगोलाकडे चालली आहेत. विषय बदलायची मुदत शनिवारी, १७ तारखेला. वर्ग उरला नाही तर इतिहास बंद, अन् धनराज सर, म्हणजे मी, संस्थेच्या राजुऱ्याच्या शाळेत, पाचवीला. पाचवीला! एम. ए. फर्स्ट क्लास माणूस पोरांची नाकं पुसत बसणार?

मी म्हणालो, सर, बिनधास्त राहा. ते म्हणाले, मी बिनधास्तच आहे, तुमचं तुम्ही बघा.

सरिता मॅडमकडे आहे काय? एक पृथ्वीगोल, तोही ध्रुवावर चेपलेला.

संध्याकाळी. प्लॅन तयार. अमेरिकेत उत्तर अन् दक्षिण कशी फाटली, टॅरिफवरून, म्हणजे बाहेरच्या मालावरच्या करावरून, अन् राज्यांच्या हक्कांवरून. बाकीचे मास्तर वाचून दाखवतात, मी करून दाखवणार. पुढचे बाक, इथली पोंभुर्ण्यातलीच पोरं: उत्तर. मागचे बाक, जंगलातल्या गावांहून एसटीनं उशिरा येणारी पोरं: दक्षिण. वर्ग आधीच फाटलेला आहे. मी फक्त कारण पुरवणार.

६ जानेवारी, मंगळवार

कायदा लागू. फाटकाबाहेरच्या ठेल्यावरचा समोसा म्हणजे इंग्लंडचा स्वस्त माल. आतल्या कॅन्टीनचा समोसा म्हणजे उत्तरेच्या कारखान्यातला. जो बाहेरचा खाईल त्यानं दर समोशामागे मूठभर बोरं केंद्र सरकारकडे जमा करावी. केंद्र सरकार म्हणजे मी. तिजोरी म्हणजे माझा ड्रॉवर. दक्षिण रोज पिशवी भरून बोरं आणते, त्यामुळे वसुलीची चिंता नाही.

चंचलनं टाळ्या वाजवल्या. कॅन्टीन तिची आई चालवते. शेवटच्या बाकावरून इतवारी म्हणतो, सर, कॅन्टीनच्या समोशात आलू कुठी राह्यते? मी म्हणालो, हेच तर देशी मालाचं संरक्षण धोरण, लिहून घ्या.

संघप्रियानं हात वर केला. पहिल्या बाकावरची, भलती हुशार. विचारते, सर, दक्षिणेतला कापूस वेचत कोण होतं? मी म्हणालो, गुलाम, पण तो पुढचा पाठ, आज टॅरिफ. पोरगी चांगली आहे, क्रम तेवढा पाळत नाही.

८ जानेवारी, गुरुवार

तिजोरी तुडुंब. बोरं टिकत नाहीत म्हणून काही सरकारनं स्वतः संपवली. पोट बिघडलं, घसा बसला. बायको म्हणाली, बोरं खाऊन आले काय? मी म्हणालो, लेक्चरनं बसला. देशासाठी सोसावं लागतं, हे घरच्यांना कळत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

सुवर्णदिन!

चंचलच्या आईनं समोसा लहान केला अन् भाव वाढवला. स्पर्धाच नाही तर ती काऊन सोडंल? हुबेहूब १८२८चं टॅरिफ! दक्षिण धुसफुसत होतीच. शेवटी इतवारी उभा राहिला अन् म्हणाला, सर, तुमचा कायदा आमच्या बाकावर चालत नाई.

साउथ कॅरोलिना, १८३२! केंद्राचा कायदा राज्यानं रद्द ठरवला! पुस्तकातलं पान माझ्या वर्गात उभं राहिलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्याला मिठी मारावीशी वाटली, पण केंद्र सरकारला ते शोभत नाही.

मी म्हणालो, नुसतं बोलू नका, बहुमतानं रीतसर ठराव करा. इतवारी म्हणतो, आमच्या ग्रामसभेत बहुमत नसते सर. सगळे हो म्हनतवरी कोनी उठत नाई. एकजन बी नाई म्हनला तं ठराव पडते.

पोट धरून हसलो. सगळ्यांचं एकमत! आमच्या स्टाफरूममध्ये चहात अद्रक टाकायचं की नाही यावर अजून एकमत नाही. म्हणालो, बसा मग जन्मभर.

संघप्रिया पुन्हा उठली. म्हणे, सर, राज्यांना हक्क पाहिजे होते ते कशाचे? माणसं विकायचे अन् ठेवायचेच ना? मी म्हणालो, त्यात टॅरिफही होतं. ती म्हणाली, होतं सर, पण जास्त काय होतं? तेवढ्यात तास संपला. (घंटा व्हायची होती. मीच झाली म्हणालो.)

१२ जानेवारी, सोमवार

दक्षिण फुटली. मागचे बाक रिकामे. पोरं आवारातल्या मोहाच्या झाडाखाली गोल करून बसली आहेत. सभा चालू आहे म्हणे. प्राचार्यांनी विचारलं, हे काय चाललं? मी म्हणालो, गृहयुद्धाची पूर्वतयारी. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. इम्प्रेस झाले असावेत.

दुपारी बळाचा वापर करायचं ठरवलं. पीटीच्या सरांना शिट्टी घेऊन पाठवलं. ते परत आले नाहीत. खिडकीतून पाहिलं तर गोलात बसून बोरं खात होते.

काळजी नाही. सगळ्यांचं एकमत होत नसतं. उद्यापर्यंत आपसात भांडतील, मग मी तहाची बोलणी करीन. सगळा वर्ग इतिहासाच्या प्रेमात पडणार, सरिता मॅडमनी गोल फिरवत बसावं.

१३ जानेवारी, मंगळवार

उत्तरही झाडाखाली गेली! चंचल तर बाहेरचा समोसा खात, दक्षिणेच्या मंगलीला अर्धा देत बसली होती. वर्गात मी, फळा अन् खडू. इतिहासात असं कुठं झालेलं नाही. उत्तर आणि दक्षिण एकाच झाडाखाली म्हणजे माझा सिद्धांत गेला उडत. पण उलटं पाहिलं तर मी ते करून दाखवलं जे अमेरिकेला जमलं नाही. या अनुभवावर पेपर लिहायचा. मथळा सुचला की सुरू.

१६ जानेवारी, शुक्रवार

काय सांगू! सकाळी संघप्रिया निरोप घेऊन आली. म्हणाली, सर, ठराव तयार आहे, पण तुम्हीपण वर्गातलेच. तुम्ही हो म्हटल्याशिवाय तो होत नाही.

मला वर्गातला म्हणाली. नोकरीत इतकं चांगलं मला कोणी बोललेलं नाही. वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

आभाराचं भाषण लिहिलं, त्यात पोचायला उशीर झाला. सगळे गोलात बसलेले. खुर्ची नव्हती, मुळावर बसलो. इतवारी म्हणाला, वाचून झालं, सगळे हो म्हनले, तुमचंच राह्यलं. पुन्हा वाचू? मी म्हणालो, गरज नाही, माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. मंगली म्हणाली, ऐकून तं घ्या सर, तुमी नाई म्हनले तं ठराव पडते. किती मर्यादा पाळतात पोरं! मी हात वर केला, दोन्ही केले. मग भाषण केलं. इतिहास म्हणजे एकमेकांचं ऐकून घेणं, असं म्हणालो. पोरं खाली बघत होती. भारावली असणार.

१७ जानेवारी, शनिवार

अख्खा वर्ग प्राचार्यांच्या केबिनसमोर उभा होता. ठराव असा: अकरावी कला एकमतानं बारावीला भूगोल घेणार. कारण संघप्रियानं सांगितलं. सरांनी समोसा इतके दिवस शिकवला, कापूस वेचणाऱ्या माणसांसाठी त्यांच्याकडे एक तास निघाला नाही. हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती रडवेली झाली होती.

प्राचार्यांनी विचारलं, विषयशिक्षकांचं काय म्हणणं? सगळे म्हणाले, सरांनी दोन्ही हात वर केले.

मी इतवारीला व्हरांड्यात गाठलं. काऊन रे, असं काऊन केलं? तो म्हणाला, सर, आमी तं तुमच्या नाईचीच वाट पाहत होतो. तुमी नाई म्हनले असते तं आमी उठलोच नसतो.

प्राचार्य बाहेर आले. म्हणाले, धनराज सर, या कॉलेजात एवढं एकमत पहिल्यांदाच पाहिलं, अभिनंदन.

मी थँक्यू म्हणालो.