बोटभर उजेड

तीर्थरूप आईस,
उभ्यानेच नमस्कार करते. बसले तर इथे प्रयोगशाळेतच झोप लागेल.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बाबांचा खोकला कसा आहे?

आमचं काम तेच. जिलेटिनमध्ये दूध आणि शाई घालून खोटं मांस करायचं, आत मण्याएवढी गाठ लपवायची आणि ती यंत्राच्या लाल उजेडाने शोधायची. काल सापडली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं, गाठ मीच लपवली होती आणि यंत्रही मीच धरलं होतं. हात आपसूक तिथेच गेला. आज सोबतच्या मुलीने लपवली, तर बोटभर खोलीच्या पलीकडे काही दिसेना.

ताई सांगत होती, छातीतल्या गाठीची सुईची तपासणी तू दोनदा पुढे ढकललीस. "धाकटी बिनसुईचं यंत्र करतेय, तोवर थांबते," म्हणालीस म्हणे.

आई, ती बढाई होती गं. यंत्राला अजून कितीतरी वर्षं लागतील. माझ्यासाठी थांबू नकोस. उद्याच ताईबरोबर जा, आणि सुई टोचेल तेव्हा मला खुशाल शिव्या घाल.

तुझी,
बढाईखोर धाकटी